नेसणे, बांधणे, पांघरणे, घालणे
(मराठी पुरुषाच्या पोशाखाचा वृत्तांत आणि त्यातून निघणाऱ्या काही उपयुक्त सूचना)

मराठी भाषेला वस्त्रांसाठी एक क्रियापद पुरत नाही. धोतर नेसायचे, पागोटे बांधायचे, उपरणे पांघरायचे आणि सदरा घालायचा, अशी आपली रीत आहे. हिंदीतही पगडी 'बांधतात' आणि चादर 'ओढतात'. परंतु 'नेसणे' या शब्दाला मात्र तेथे जोड नाही. तेथे धोतीही 'पहनतात' आणि पतलूनही 'पहनतात'. याचा परिणाम महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या आपल्या मुलांच्या बोलण्यात दिसतो. गणेशोत्सवाच्या सकाळी 'बाबा, आज धोतर घालणार का?' असा प्रश्न ज्या घरात विचारला गेला नसेल, असे घर आपल्या मंडळात विरळाच. प्रश्न भाषेचा दिसतो, पण तो केवळ भाषेचा नाही. 'नेसणे' हा शब्द जातो तेव्हा ते नेसण्याची हातोटीही गेलेली असते.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हांस 'पुरुषांच्या पोशाखाविषयी काही उपयुक्त लिहा' असे सुचविले, तेव्हा प्रथम आम्ही थोडे बिचकलो. साडीवर लिहिणाऱ्या अनेक भगिनी आहेत. पुरुषाच्या कपड्यांवर लिहावे एवढे त्यांत काय आहे? परंतु विचार करू लागलो तसे ध्यानात आले की, कोणत्या हवेत, कोणत्या कामाला आणि कोणासमोर काय ल्यावे, या प्रश्नांची उत्तरे आपल्या पूर्वजांनी वेळोवेळी शोधलेली आहेत. ती उत्तरे समजून घेतली, तर आजच्या सूचना वेगळ्या शोधाव्या लागत नाहीत. म्हणून आधी वृत्तांत आणि मग सूचना, असा क्रम आम्ही ठेवला आहे.

मागावरून थेट अंगावर

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीत कोरलेल्या भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत पुरुषांच्या आकृती आहेत. त्यांच्या कमरेला नेसलेले वस्त्र आहे, मस्तकावर भरघोस पागोटे आहे आणि वरचे अंग बहुधा उघडेच आहे. शिवण कोठे दिसत नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत मात्र न शिवलेल्या वस्त्रांच्या जोडीने शिवलेले अंगरखेही दिसतात. म्हणजे कातर आणि सुई आपल्याकडे फार उशिरा आली, अशी जी समजूत आढळते, ती खरी नाही. ठाऊक असूनही बहुतेकांनी न शिवलेले वस्त्रच पसंत केले, हे अधिक खरे.

त्याला कारणे होती. मागावरून उतरलेले कापड जसेच्या तसे वापरता येते. शिलाईचा खर्च नाही. ते धुण्यास व वाळविण्यास सोपे. नेसणारा बारीक असो वा स्थूल, वस्त्र तेच. बापाचे धोतर मुलाला होते आणि फाटले तर त्याचा पंचा होतो, पंचा फाटला तर पुसणे होते. उष्ण हवेत त्याच्या घड्यांतून वारा खेळतो. नऊ-दहा हातांचे, म्हणजे चार ते साडेचार मीटरांचे हे एक पान इतक्या उपयोगांचे ठरले, म्हणूनच ते इतकी शतके टिकले. देवघरात सोवळे म्हणून पीतांबर किंवा मुकटा नेसायचा तोही न शिवलेलाच, ही चाल आजही अनेक घरांत आहे.

शिवणकामाचा धंदा महाराष्ट्रात तेराव्या शतकापर्यंत चांगला रुळला होता, याची साक्ष आपल्या संतपरंपरेतच आहे. संत नामदेव हे शिंपी कुळातले. पंढरपूरचा हा शिंपी पुढे पंजाबात घुमान येथे राहिला, त्याची पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झाली, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले. घरापासून दूर राहिलेल्या मराठी माणसांचा तो एका अर्थाने मूळपुरुष. त्याच्या कुळाचा व्यवसाय कपडे शिवण्याचा होता, ही गोष्ट आमच्या आजच्या विषयाला मोठी सोयीची आहे.

जामानिमा

'आज काय सगळा जामानिमा केला आहे!' असे आपण थट्टेने म्हणतो. जामा म्हणजे घेरदार लांब अंगवस्त्र आणि नीमा म्हणजे त्याच्या जोडीचे आखूड वस्त्र. हे फारसी शब्द आहेत. पोशाख, पायजमा, शाल, रुमाल, शिरपाव हे शब्दही तिकडचेच. बहमनी राजवटीपासून पुढे दरबारी वेष या शब्दांबरोबर महाराष्ट्रात आला आणि मराठ्यांच्या राज्यातही राहिला. राज्य स्वतःचे झाले म्हणून कोणी जामा टाकून दिला नाही; कारण घोड्यावर मांड ठोकणाऱ्या शिलेदाराला तंग विजार हवीच होती. धोतर शेतात आणि ओसरीवर ठीक. स्वारीत चोळणा आणि विजार बरी. कामाला जे सोयीचे ते घ्यावे, मग ते कोठूनही आलेले असो, हा व्यवहार आपल्या लोकांनी त्या काळीही पाळला.

अंगरखा आणि बाराबंदी ही याच काळात रुळलेली वस्त्रे. बाराबंदीला गुंड्या नाहीत. बारा बंदांच्या सहा जोड्या बांधून ती अंगावर बसवायची. छातीवर कापडाची दुहेरी घडी येत असल्यामुळे थंडीत ऊब मिळते, आणि बंद सैल-घट्ट करता येत असल्यामुळे माणूस थोडाफार सुटला किंवा रोडावला तरी शिंप्याकडे धाव घ्यावी लागत नाही. या सोयीचा विसर पडल्यामुळेच आज दर दोन वर्षांनी आपल्याला पतलुनीची कंबर वाढवून घ्यावी लागते, असे आम्हांस कधी कधी वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण ज्याला 'मराठी पोशाख' म्हणून व्यासपीठावर मिरवितो, तो बहुतांशी दरबारातल्या आणि पेठांतल्या थोड्या लोकांचा पोशाख होता. महाराष्ट्रातला बहुसंख्य पुरुष गुडघ्यापर्यंतचे आखूड धोतर किंवा नुसती लंगोटी, अंगात कोपरी वा बंडी, डोक्यास मुंडासे आणि खांद्यावर घोंगडी एवढ्यावर आयुष्य काढीत होता. घोंगडी हे एकच वस्त्र पावसात खोळ, रात्री अंथरूण-पांघरूण आणि दुपारी बैठक होत असे. उपयुक्ततेच्या कसोटीवर लावले, तर भरजरी शेल्याहून घोंगडीचा क्रमांक वर लागेल.

घराबाहेर पडलेली पगडी

पागोटे आणि पगडी यांतला भेद नव्या पिढीस सांगावा लागतो. पागोटे रोज नव्याने बांधायचे असते. पगडी एकदाच, पगडबंद नावाचा कारागीर बांधून देतो. मग ती टोपीसारखी घालावयाची व काढून ठेवावयाची. म्हणून पागोटे 'बांधतात' आणि पगडी 'घालतात'. फेट्याला वर तुरा आणि पाठीवर शेमला सोडण्याची रीत आहे.

अठराव्या शतकात मराठे उत्तरेस व दक्षिणेस पसरले, तेव्हा त्यांच्याबरोबर शिरोभूषणही गेले आणि तेथे त्याला निराळे घाट मिळाले. ग्वाल्हेरची शिंदेशाही पगडी, इंदूरची होळकरशाही पगडी आणि बडोद्याची गायकवाडांची पगडी या तिन्ही पुणेरी पगडीहून निराळ्या. जाणकाराला पगडीवरून माणसाचे संस्थान ओळखता येत असे. दूरदेशी गेलेल्या मराठी माणसाने आपला वेष जसाच्या तसा गोठवून ठेवला नाही. जेथे राहिला तेथल्या चालीशी जुळवून घेत आपली खूणही ठेवली. सर टी. माधवराव यांचे उदाहरण येथे आठवते. तंजावरकडच्या मराठी घराण्यात कुंभकोणम् येथे १८२८ साली जन्मलेले हे गृहस्थ त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्या चित्रांत मस्तकावर पागोटे दिसते. तीन दरबारांत तीन तऱ्हेच्या लोकांशी वागताना त्यांचे मस्तक कधी उघडे राहिले नाही.

पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक उपदर्शनाची, म्हणजे जी. आय. ची, नोंदणी मिळाली. एके काळी न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, नामदार गोखले यांच्या मस्तकावर नित्य दिसणारी वस्तू आता कायद्याने राखावी लागते, यातच काळ किती पालटला ते आले.

कचेरी, कोट आणि जोडे

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हळूहळू इंग्रजी कचेऱ्या सुरू झाल्या. तेथे पहिला झगडा डोक्याचा नव्हे, पायांचा होता. आपल्या रीतीने मोठ्यांसमोर जाताना जोडे बाहेर काढायचे आणि मस्तक झाकलेले ठेवायचे. साहेबाच्या रीतीने टोपी काढायची आणि बूट तसेच ठेवायचे. मग साहेबापुढे जाणाऱ्या हिंदी माणसाने काय करावे? साहेबांनी बराच काळ सोयीस्करपणे आपल्याच रीतीचा आग्रह आपल्यावर धरला आणि जोडे काढायला लावले. अखेर १८५४ आणि १८६८ साली हिंदुस्थान सरकारला ठराव करून, विलायती पद्धतीचे बूट घातलेल्या देशी गृहस्थांना सरकारी प्रसंगी ते न काढण्याची मुभा द्यावी लागली. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या आम्हांस या ठरावांचे महत्त्व विशेष वाटते. एका जोड्यासाठी कागद कलकत्त्यापर्यंत गेले, कारण प्रश्न चामड्याचा नसून मानाचा होता.

कोट मात्र आपण होऊन स्वीकारला गेला. खाली धोतर, वर लांब बंद गळ्याचा कोट, गळ्यात उपरणे, डोक्यावर पगडी आणि पायांत कधी पुणेरी जोडे तर कधी बूट, असा वकील, मास्तर आणि कारकून यांचा वेष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरून गेला. त्याची पुष्कळांनी थट्टा केली. पण कोटात एक मोठा गुण होता, तो म्हणजे खिसा. त्यापूर्वी पैसे कनवटीला, पानसुपारी चंचीत आणि कागद पगडीत किंवा उपरण्याच्या गाठीत ठेवावे लागत. घड्याळ, लेखणी, चष्मा आणि आगगाडीचे तिकीट बाळगणाऱ्या नव्या माणसाला खिशावाचून चालेना. वेषात बदल होतो तो बहुधा अशा लहानशा सोयीच्या वाटेने.

वस्त्र आणि मान

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. राजेरजवाडे हिरेमाणकांनी लखलखत होते. त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हातच्या सुताची शुभ्र खादी लेऊन उपस्थित राहिले आणि हिंदी लोकांना समान राजकीय व सामाजिक दर्जा मिळावा अशी मागणी त्यांनी केली. गांधीजींचे वय त्या वेळी सात वर्षांचे होते. योगायोग असा की, त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हातमागाची खादी आणि गिरणीचे कापड, यांपुढे शंभर वर्षे आपल्या अंगावर जी दोन वस्त्रे वावरली, त्यांचा असा एकाच तारखेला उच्चार झाला.

१८८८ साली पुण्यात राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ होता. महात्मा जोतीराव फुले तेथे सामान्य शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि समोर बसलेली दागदागिन्यांनी मढलेली मंडळी म्हणजे खरा हिंदुस्थान नव्हे, तो खेड्यापाड्यांत आहे, असे त्यांनी राजपुत्राला ऐकविले. काकांनी जे दिल्लीत केले, तेच जोतीरावांनी पुण्यात निराळ्या अंगाने केले. दोघांनीही भाषणाआधी वस्त्राने बोलून दाखविले.

ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने आणि टिळकांच्या उपस्थितीत परदेशी कपड्यांची होळी झाली. पुढे असहकारितेच्या काळात गांधी टोपी आली. ती कशी ठरली याची हकीकत काका कालेलकरांच्या आठवणींत आहे. निरनिराळ्या प्रांतांची शिरोवस्त्रे पाहून गांधीजींनी काश्मिरी टोपीचा घाट निवडला. ती हलकी, घडी घालून खिशात मावणारी, शिवण्यास सोपी. लोकरीऐवजी सुती आणि रंग पांढरा, कारण पांढऱ्यावर घाम व मळ दिसतो आणि म्हणून ती धुतली जाते. किती व्यवहारी विचार हा! परंतु हीच साधी टोपी मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ असताना घालून रस्त्यावर निघणे म्हणजे शिक्षेला आमंत्रण होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पोशाखाचा विचार याच ओघात केला पाहिजे. ज्या समाजाला चांगले वस्त्र ल्यावयास रूढीने पिढ्यान्‌पिढ्या मज्जाव केला, त्या समाजातला हा पुरुष उत्तम शिवलेला सूट आणि टाय या वेषात लंडनच्या गोलमेज परिषदेत बसला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना, ज्यावरून जात ओळखू येते असे नेसणे टाकून इतर स्त्रियांप्रमाणे नीटनेटके लुगडे नेसा, असे सांगितले होते. वस्त्र हे अपमानाची खूण होऊ शकते, तसेच ते त्या अपमानाला उत्तरही होऊ शकते, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. आणि तेच बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षेच्या वेळी पांढरे रेशमी धोतर नेसून व पांढरा कोट घालून उभे होते. प्रसंग कोणता, हे ओळखून वेष करावा, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

शर्ट-पँटचे युग

स्वातंत्र्यानंतर धोतर झपाट्याने मागे पडले. १९६२ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस आले, तेव्हाही धोतर आणि पांढरी टोपी हा त्यांचा वेष राजधानीत दिसत होता. पण कचेरीतल्या मराठी माणसाने तोवर शर्ट-पँट पत्करली होती. लोकल गाडी, सायकल आणि पुढे स्कूटर यांपुढे धोतराच्या सोग्याचा निभाव लागणे कठीणच होते. मग टेरिलीन आणि टेरिकॉट आले. कृत्रिम धाग्याचे किंवा सुताबरोबर तो धागा मिसळलेले हे कापड चुरगळत नाही, लवकर वाळते आणि वर्षानुवर्षे टिकते. एकट्या राहणाऱ्या नोकरदाराला ते वरदान वाटले. त्याचा दोष उन्हाळ्यात कळला: घाम शोषला जात नाही. १९७०-८० च्या दशकांत आलेला सफारी सूट हाही याच कापडाचा अवतार.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत एकेक गिरणी बंद पडत गेली. गिरणगावाबरोबर गिरणीचे स्वस्त, जाड, भरवशाचे धोतर आणि लठ्ठाही बाजारातून ओसरला. आता धोतर हवे असेल तर शोधावे लागते, आणि शोधणारे थोडे म्हणून ते महाग झाले आहे.

आता उपयुक्त सूचना

हा सर्व वृत्तांत पाहिला, म्हणजे एक गोष्ट निश्चित होते. मराठी पुरुषाचा पोशाख कधीच एक नव्हता. हवा, काम आणि मान या तीन गोष्टी पाहून प्रत्येक पिढीने तो निवडला. आपणही तेच करावे. बदल्यांच्या निमित्ताने दिल्लीची लू, चेन्नईचा घाम आणि शिलाँगचा पाऊस आम्ही अनुभवला आहे. त्यावरून पुढील गोष्टी सांगण्याचे धाडस करतो.

हवेविषयी. दमट गावी सैल, पातळ सुती कपडे वापरावेत. अंगाला चिकटणारे कृत्रिम धाग्याचे कपडे टाळावेत. कोरड्या उन्हाच्या गावी अंग उघडे टाकण्यापेक्षा झाकलेले बरे. मान व कान झाकण्यास जुने उपरणे किंवा पंचा यांसारखी दुसरी वस्तू नाही. उत्तरेच्या थंडीत एका जाडजूड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर अधिक ऊब देतात, कारण थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. शिवाय दुपारी ऊन पडले म्हणजे एक थर उतरविता येतो. बाराबंदीच्या दुहेरी घडीत हेच तत्त्व होते.

मापाविषयी. महाग कापड वाईट शिवण्यापेक्षा साधे कापड चांगले शिवावे. सुती कापड शिवावयास टाकण्यापूर्वी भिजवून वाळवावे, म्हणजे पुढे आटत नाही. शर्टाची खांद्यावरची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशीच आली पाहिजे. खांदा चुकला तर शिंप्यालाही तो नीट दुरुस्त करता येत नाही. गळ्याचे बटण लावल्यावर आत दोन बोटे जावीत. बंद गळ्याच्या कोटालाही हाच नियम. शर्टाची बाही मनगटाच्या हाडापर्यंत, आणि कोटाची त्याहून सुमारे अर्धा इंच आखूड. पोट सुटले असेल तर पतलून पोटाखाली ढकलू नये; ती कमरेवर बसेल अशी शिवावी. पट्टा व बूट एका रंगाचे असावेत आणि मोजे पतलुनीच्या रंगाशी जुळते.

प्रसंगाविषयी. सरकारी समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेच्या कोपऱ्यात पोशाखाची सूचना असेल तर ती पाळावी. तो यजमानाचा मान असतो. ज्यांस टाय रुचत नाही, त्यांस गडद रंगाचा बंद गळ्याचा कोट दिल्लीपासून तिरुवनंतपुरमपर्यंत कोठेही शोभतो. एवढा एकच कोट नीट शिवून ठेवला, तर लग्न, मुलाखत आणि सत्कार तिन्ही निभावतात. दुःखाच्या घरी जाताना साधे, फिकट, इस्त्रीचे कपडे पुरेत. मंगलकार्यात मात्र वर्षातून चार वेळा तरी धोतर नेसावे.

धोतराविषयी. नवशिक्याने प्रथम दोनदा धुतलेल्या सुती धोतरावर हात बसवावा. रेशमी धोतर निसटते. आत अर्धी चड्डी असावी. धोतराचा मध्य पाठीशी धरून दोन्ही टोके समोर आणावीत, कमरेशी घट्ट आवळावीत, एका सोग्याच्या निऱ्या करून त्या दोन्ही पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचावा आणि दुसऱ्या सोग्याच्या निऱ्या समोर खोचाव्यात. मग एकदा पाटावर मांडी घालून बसून पाहावे; कासोटा ताणला गेला तर थोडा सैल करून पुन्हा खोचावा. सात-आठ दिवस रोज सराव केला, तर जन्माची विद्या होते. शिवलेले तयार धोतर बाजारात मिळते, ते वयोवृद्धांना व लहान मुलांना सोयीचे. हातीपायी धड तरुणाने त्याच्या आहारी जाऊ नये.

निगेविषयी. लोकरीचे कपडे ब्रशाने झाडून, ऊन दाखवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावेत. जरीच्या शेल्यात किंवा पीतांबरात डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. जर काळी पडते. ते मलमलीत गुंडाळावे आणि चार-सहा महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे घडीवर चिरत नाही. भिजलेले बूट उन्हात न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावेत. आणि तुटलेले बटण स्वतः लावावे. नामदेवांच्या कुळाचे नाव सांगणाऱ्या समाजातल्या पुरुषाला सुईत दोरा ओवता येऊ नये, हे बरे दिसत नाही.

मंडळापुढे एक सूचना

आपल्या मंडळास पन्नास वर्षे पूर्ण झाली. या काळात आपण नाटके केली, ग्रंथालय चालविले, मुलांस मराठी शिकविले. आता गणेशोत्सवाच्या आधी एका रविवारी धोतर नेसण्याचा आणि फेटा बांधण्याचा वर्ग भरवावा, असे आम्हांस मनापासून वाटते. ज्यांच्या हातांत ही कला आहे, ती मंडळी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. भाड्याने आणलेला केशरी फेटा डोक्यावर ठेवून छायाचित्र निघते, पण हातोटी पुढच्या हाती जात नाही. त्या वर्गात घरोघरच्या निरनिराळ्या पद्धती दिसू द्याव्यात: कोणाच्या आजोबांची पगडी असेल, कोणाच्या आजोबांचे मुंडासे, कोणाच्या घरची कोळी टोपी, कोणाच्या घरचा बाबासाहेबांसारखा कोट. हे सर्वच मराठी आहे आणि यांतले काही खाली, काही वर असे नाही.

एवढे झाले, तरी मुले रोज शर्ट-पँटच घालणार, आणि तसेच व्हावे. त्यांच्या कामाला तेच सोयीचे. परंतु वर्षातून चार वेळा ती धोतर नेसतील, उपरणे पांघरतील, फेटा बांधतील आणि सदरा घालतील, तेव्हा ही चार क्रियापदे त्यांच्या तोंडी राहतील. घरापासून इतक्या दूर राहून एवढे राखता आले, तर पुढच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा तो चांगला आरंभ होईल.